सोलफुल हाउसची पहिली रेकॉर्ड: ऐकायची कशी, सांभाळायची कशी

गोव्यात राहून ‘मी हाउस ऐकतो’ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे ट्रान्स ना, वागातोरला वाजतं ते?’ दोन्ही यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत, दोन्हींत बास ड्रमचा एकसारखा ठोका असतो, साम्य तेवढंच. ट्रान्स हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत वाढला. त्याची लय मिनिटाला १४०-१४५ ठोक्यांच्या आसपास, आणि सगळा भर सिंथेसायझरवर. हाउस त्याच्या आधीचं, जन्मानं शिकागोचं, लय साधारण ११८ ते १२५. त्यातही ज्याला सोलफुल किंवा जॅझी हाउस म्हणतात त्यात पियानो असतो, ट्रम्पेट-सॅक्सोफोन असतात, चर्चमध्ये तयार झालेला गळा असतो. ज्याच्या घरात नाट्यपदं, भजनं किंवा जुनी हिंदी गाणी वाजत आली आहेत, त्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तरीही दुसऱ्या मिनिटाला ‘तेच तेच काय वाजतंय’ म्हणून बंद करणारेच फार. हा लेख त्यांच्यासाठी.

माझं सांगणं एवढंच की या संगीतात थर असतात आणि एका वेळी एकच थर धरून ऐकलं की ते उलगडतं. सगळं एकदम ऐकायला गेलात तर हाती फक्त धपधप लागते.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९७७ मध्ये शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स तिथला डीजे. येणारी मंडळी बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले अनेक समलिंगी. इतर क्लबांत त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. ‘वेअरहाउस’मध्ये वाजतं ते ‘हाउस’, असं नाव पडलं. १९७९ नंतर अमेरिकेत डिस्कोची हवा ओसरली, मोठ्या वाद्यवृंदाच्या रेकॉर्डी निघेनाशा झाल्या. त्याच सुमारास रोलँड कंपनीची टीआर-८०८ आणि टीआर-९०९ ही ठेक्याची यंत्रं बाजारात पडली आणि सेकंडहँड स्वस्तात मिळू लागली. घरातल्या खोलीत बसून पोरांनी त्या यंत्रांवर डिस्कोचा सांगाडा पुन्हा उभा केला. त्या सांगाड्यावर जॅझ आणि गॉस्पेलचं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगायनाचं, मांस चढलं तिथून आपला विषय सुरू होतो.

आधी काय लावायचं

लगेच तबकडी आणि प्लेअर घ्यायला धावू नका. पहिला महिना फोनवरच ऐका, फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या चिमुकल्या स्पीकरमधून बास बाहेरच पडत नाही, आणि हाउसमधला बास गेला की उरतं ते जेवणाशिवायचं लोणचं. कानावर बसणारे साधे हेडफोन पुरेत.

दोन रेकॉर्डी सुचवतो. पहिली सेंट जर्मेनची ‘टूरिस्ट’, २००० साली ब्लू नोट या जॅझच्या जुन्या कंपनीनं काढलेली. सेंट जर्मेन म्हणजे लुदोविक नावार हा फ्रेंच निर्माता. यंत्रावर ठेका बांधून त्यावर त्यानं खरे वादक बसवले: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बासरी, कीबोर्ड, एका ट्रॅकवर जमैकाचा गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिन. मराठी कानाला सुरुवात करायला ही सोपी, कारण वादक वाजवतोय हे ऐकू येतं. तिची एकच अडचण: हॉटेलांच्या लॉबीत आणि समुद्रकाठच्या शॅकमध्ये ती इतकी वाजली आहे की लोकांनी ती ऐकणंच सोडलंय. फेणी पिताना पाठीमागे वाजणारी आणि हेडफोनवर ऐकलेली ‘टूरिस्ट’ या दोन वेगळ्या रेकॉर्डी आहेत असं समजा.

दुसरी मिस्टर फिंगर्सची ‘कॅन यू फील इट’, १९८६. मिस्टर फिंगर्स म्हणजे शिकागोचा लॅरी हर्ड, मूळचा ड्रमर. एक ज्युनो-६० सिंथेसायझर, एक ९०९, बस. गाणं म्हणावं तर शब्द नाहीत, वाद्यसंगीत म्हणावं तर सोलो नाही. मला विचाराल तर दोन्हींत हीच मोठी. पण हिच्यापासून सुरुवात केलेले बरेच जण कंटाळतात, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर ठेवली.

पहिली पायरी: मात्रा मोजा

‘कॅन यू फील इट’ लावा आणि मांडीवर बास ड्रमबरोबर टिचकी मारा. धप, धप, धप, धप. प्रत्येक मात्रेवर एक. आता सोळापर्यंत मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. तीनतालाचं आवर्तन मोजायची सवय असेल तर कामच झालं. मिनिटाला १२० ठोके धरले तर सोळा मात्रांना ८ सेकंद लागतात; सात मिनिटांच्या ट्रॅकमध्ये अशी ५२ आवर्तनं आणि वर थोडं.

तीनतालाची सवय इथे एका जागी फसवते. या ठेक्यात ‘खाली’, म्हणजे टाळीविना सोडलेली हलकी मात्रा, नाही. सारे ठोके सारख्या वजनाचे, त्यामुळे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, नुसत्या ठोक्यावरून कळत नाही. ती ओळखायची खूण वेगळी: नवं वाद्य आत येतं किंवा एखादं बाहेर जातं ते बहुतेक वेळा सोळा किंवा बत्तीस मात्रा पुऱ्या झाल्यावर, पुढच्या एकवर. दोनचार वेळा हे पकडलंत की पुढचा बदल कधी येणार हे शरीराला आधीच कळू लागतं, आणि नाचणाऱ्यांना जी मजा येते ती हीच असते.

ठोका हाताशी आला की त्याच्यावरचं ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळीचा आवाज असतो. दोन ठोक्यांच्या बरोब्बर मधे ‘त्स्स’ असा उघड्या हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीचा, आवाज येतो. चवथीला घुमट-आरतीत ज्यानं कासाळें, म्हणजे झांजा, वाजवलं असेल त्याला हा अर्ध्या मात्रेवरचा आघात सांगावा लागणार नाही. तो काढून टाका, ठेका लगेच कवायत होतो.

आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि सोलफुल हाउसचा निम्मा प्राण तीत आहे. मात्रेचे चार भाग केले तर दुसरा आणि चौथा भाग थोडा उशिरा वाजतो. यंत्रावर याला स्विंग म्हणतात. रॉजर लिननं रचना केलेल्या १९८८ च्या एमपीसी-६० यंत्रात तो आकड्यानं ठरवता येतो: ५० म्हणजे अगदी सरळ, ६६ म्हणजे पूर्ण तिहेरी झोका. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी ठेक्याला चाल येते, आणि तो आकडा प्रत्येक निर्मात्याचा आपापला. हाच ट्रॅक सरळ ५० वर बसवलात तर स्वर तेच, यंत्र तेच, पण पाय हलणार नाहीत.

एका हातानं एक ताल, दुसऱ्या हातानं दुसरा, पायानं तिसरा धरणाऱ्या लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकरांच्या प्रांतात आपण राहतो. त्या मानानं हा अभ्यास किरकोळ आहे. हातानं बास ड्रम, पायानं टाळी, तोंडानं हाय-हॅट. पाच मिनिटं करून बघा.

इथेच एक शंका येते. माझा भाचा पहिल्यांदा ऐकायला बसला तेव्हा मिनिटभरानं म्हणाला, ‘मामा, गाणं कधी सुरू होणार?’ प्रश्न रास्त होता. या रेकॉर्डी मुळात डीजेसाठी कापल्या जात. एक रेकॉर्ड संपत असताना दुसरी तिच्या लयीत मिसळायची तर दोन्हींच्या टोकांना नुसता ठेका हवा, स्वर नकोत. स्वर असले तर दोन पट्ट्या एकमेकींशी भांडतात. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी मिनिटभर मोकळी जागा सोडलेली असते. ती जागा तुमच्या कान तयार करण्याच्या कामाची. भाच्याला मी तेव्हा एवढंच सांगितलं, ‘मोजत बस.’

दुसरी पायरी: बास

आता ठेका विसरा आणि फक्त बासच्या मागे जा. ‘टूरिस्ट’मधल्या पहिल्या ट्रॅकवर, ‘रोझ रूज’वर, हे छान जमतं: झांजेची टिकटिक आणि डबल बासची एक छोटी फिरकी, तीच पुन्हापुन्हा. तोंडानं ती गुणगुणता आली पाहिजे. गुणगुणता येत नाही तोवर पुढे जाऊ नका, कारण वरचं सगळं तिच्यावर उभं आहे. बास कुठे गप्प बसतो तेही बघा. चांगल्या हाउसमध्ये बास प्रत्येक मात्रेवर वाजत नाही. ठोक्याला श्वास घ्यायला जागा ठेवतो.

तिसरी पायरी: पेटी काढा

‘सोलफुल’ हा रंग नेमका कुठून येतो, ते सांगण्यापेक्षा पेटीवर वाजवून बघणं सोपं. गोव्यात दर चार घरांत एक पेटी कापडाखाली झाकून ठेवलेली असतेच.

कुठलाही सा धरा. सा, कोमल ग, प आणि कोमल नी हे चार स्वर एकदम दाबा. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून भाता हलवायला घरातल्या कुणालातरी बसवा. ऐका. नुसते सा-कोमल ग-प वाजवले तर सूर सरळ उदास लागतो; कोमल नी मिसळला की त्याच उदासीला ऊब येते. जॅझवाले याला मायनर सेव्हन्थ म्हणतात. आता वरच्या सप्तकातला शुद्ध रे त्यात मिसळा. हा मायनर नाइन्थ. शेवटी पडलेला हा रे म्हणजे अख्ख्या डीप हाउसचा, हाउसच्या या जॅझी, सोलफुल शाखेचा, सुगंध. एवढं वाजवलंत की ‘अरे, हे तर कुठेतरी ऐकलंय’ असं वाटणार, आणि खरंच ऐकलेलं असणार.

पुढचा प्रयोग. हाताचा हाच आकार न मोडता सगळे स्वर एक पूर्ण स्वर खाली न्या, म्हणजे सा होता तिथे कोमल नी. मग परत वर. शास्त्रशुद्ध हार्मनी शिकवणारे मास्तर यावर कान पिळतील, कारण सगळे स्वर एकाच दिशेला सरकणं त्यांच्या नियमात बसत नाही. पण हाउसमध्ये हे नेहमीचं. पुष्कळदा निर्माते एखाद्या जुन्या रेकॉर्डवरचा अख्खा कॉर्ड, म्हणजे असे एकदम वाजलेले स्वर, यंत्रात उचलून घेत आणि तोच वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवत. मग आकार बदलणार कसा? गरजेतून आलेली ही सवय पुढे शैली झाली, आणि ज्यांना पियानो चांगला येत होता तेही मुद्दाम तसं वाजवू लागले.

राग ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. बऱ्याच ट्रॅकांत कोमल ग, कोमल नी आणि बाकी शुद्ध असे, म्हणजे काफी थाटाचे स्वर सापडतील. कान लगेच काफीची चलनं शोधायला लागतो. त्याला आवरा. इथे आरोह-अवरोहाला महत्त्व नाही, स्वर उभे रचलेले आहेत. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना सगळ्या खोलीचा उजेड कसा बदलतो तेवढं बघायचं.

चौथी पायरी: गळा आणि सोलो

शिकागो-न्यूयॉर्कच्या हाउसमधल्या गायिका बहुतेक गॉस्पेलमधून आलेल्या. लोलीटा हॉलोवे घ्या: चर्चच्या गाण्यात वाढली, ‘कॅरव्हॅन्स’ या नावाजलेल्या गॉस्पेल गटात गायली, मग डिस्कोत आली. तिचा १९८० चा ‘लव्ह सेन्सेशन’मधला आवाज पुढे कितीतरी हाउस रेकॉर्डींत तुकड्यातुकड्यानं वापरला गेला. तो तुकडा ऐकताना शब्दांच्या मागे धावू नका. शब्द बहुधा चारच असतात. प्रत्येक वेळी तीच ओळ येते तेव्हा भोवतीचं काय बदललंय ते ऐका. ‘रोझ रूज’वर जी बाई एकत्र या असं सांगत राहते ती मार्लेना शॉ, तो आवाज स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो जॅझ महोत्सवात १९७३ साली ती प्रत्यक्ष गायली तेव्हाच्या ध्वनिमुद्रणातून उचललाय. सत्तावीस वर्षांनी पॅरिसच्या माणसानं ती ओळ फिरवत ठेवली, आणि ओळ तीच असूनही ट्रम्पेट आल्यावर ती आर्जवासारखी लागते, नुसत्या ठेक्यावर हुकमासारखी.

सोलोबद्दल गोवेकरांना मी वेगळं काय सांगणार? पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत सोल्फा (पाश्चात्त्य स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकलेली पोरं मुंबईला गेली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट घेऊन ‘चिक चॉकलेट’ झाला आणि ‘अलबेला’च्या (१९५१) वेळी सी. रामचंद्रांच्या बरोबर होता. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची बांधणी सेबॅस्टियन डिसोझांची. त्यामुळे मराठी घरात रेडिओ ऐकून वाढलेल्या माणसानं ट्रम्पेटचा जॅझी वळसा लहानपणीच ऐकलेला असतो; त्याला ते जॅझ आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. ‘टूरिस्ट’वरचे सोलो ऐकताना हा जुना कान वापरा. फरक एवढाच की जॅझमध्ये मागचे वादक सोलोवाल्याला उत्तर देतात, इथे मागचं यंत्र ढिम्म असतं. वादकाला एकट्यानंच चढ-उतार करावा लागतो. जमला तर बहार, नाही जमला तर लिफ्टमधलं संगीत. अशा फसलेल्या रेकॉर्डीही ढिगानं आहेत. कंटाळा आला तर दोष तुमचाच असेल असं धरून चालू नका.

पाचवी पायरी: मूळ शोधा

आवडलेल्या ट्रॅकमध्ये कुठला जुना तुकडा आहे ते शोधून ती मूळ रेकॉर्ड ऐका. एका रेकॉर्डीतून पाच मिळतात. पेपे ब्रॅडॉकचा १९९९ चा ‘डीप बर्न्ट’ लावा, मग त्यातला तुकडा जिथून आलाय ते फ्रेडी हबर्डचं ‘लिटल सनफ्लॉवर’ लावा. न्यूयॉर्कच्या लुई वेगा आणि केनी ‘डोप’ गोन्झालेस या जोडीनं १९९७ ला ‘न्यूयोरिकन सोल’ नावाची रेकॉर्ड काढली. तिच्यावर त्यांनी तुकडे उचलण्याऐवजी माणसंच बोलावली: व्हायब्राफोनवर रॉय एअर्स, गिटारवर जॉर्ज बेन्सन, टिंबालेस या लॅटिन ड्रमवर टिटो पुएन्टे. त्याच वर्षीची मूडीमनची ‘सायलेंटइंट्रोडक्शन’ डेट्रॉइटची, जरा धुळकट, तिरसट. ती शेवटी ठेवा. आवडली तर तुम्ही आता नवखे नाही.

आता तबकडी

एवढं ऐकूनही ओढ उरली तरच पैसे घाला. नवी आयात रेकॉर्ड भारतात दोन-तीन हजारांच्या खाली क्वचितच मिळते.

बाजारात मिळणारे पेटीच्या आकाराचे, आत स्पीकर असलेले प्लेअर दिसायला गोड असतात. हाउससाठी ते घेऊ नका. त्यांची सुई जड, हात (सुई धरणारा दांडा) हलका, वजन जुळवायची सोय नाही. बासचा जोर आला की सुई उडी मारते आणि खाच घासते ती वेगळीच. मागे वजन असलेला हात हवा, आणि सुईवरचा भार कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्यानं सांगितला असेल तेवढाच, साधारण दीड ते दोन ग्रॅम. प्लेअरच्या पुढे फोनो प्रीअँप लागतो. कारण असं की तबकडी कापताना बास मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा एवढ्या रुंद होतील की एका बाजूला दहा मिनिटंही मावणार नाहीत. वाजवताना तो पुन्हा उचलून द्यावा लागतो आणि ते काम प्रीअँप करतो. प्लेअर सरळ अँपच्या साध्या इनपुटला जोडलात तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येणार. प्लेअरमधून निघणारी ती बारीक, टोकाला चिमटा असलेली जादा वायर कापून टाकू नका. ती अर्थिंगची. प्रीअँपच्या स्क्रूला अडकवली नाही तर पाठीमागे ‘हुंऽऽ’ चालू राहतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकानं जुना प्लेअर आणून दिला तर आधी मागची पट्टी वाचा. तिथली वीज ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण विजेच्या हर्ट्झवर फिरणारी मोटर असेल तर मिनिटाला ३३ फेऱ्यांऐवजी तबकडी २८च्या आसपास फिरेल आणि सगळ्या गायिका भावगंभीर होतील. क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट तबकडी फिरवते अशा) प्लेअरला ही भानगड नाही.

ठेवायचा कुठे? स्पीकर ज्या टेबलावर, त्या टेबलावर तर नकोच. बास टेबलातून सुईत शिरतो, तिथून परत स्पीकरला जातो आणि घर घुमायला लागतं. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती इथे कामाला येतात: भिंतीत घट्ट बसवलेल्या फळीवर प्लेअर, स्पीकर खाली वेगळे. लाल सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवरून हाय-हॅट फार चमकतो, म्हणून ऐकायच्या जागेपुढे एखादी गोधडी अंथरा.

बारा इंची सिंगलवर ४५ की ३३ ते लेबलवर बघून मगच बटण दाबा. ४५वर वेग जास्त, खाचांना जागा जास्त, म्हणून बास भरदार येतो. एका बाजूला गाणं मात्र एखाददुसरंच.

आणि एक कळकळीची विनंती. प्लेअर घरात आला की माळ्यावरच्या आजोबांच्या नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या खाली येतात. त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. हाउसच्या सुईनं त्या वाजवू नका, तिचं टोक त्या रुंद खाचेत तळाला घासतं. त्यांना वेगळी, जाड सुई लागते. आणि स्पिरिट किंवा अल्कोहोलनं तर मुळीच पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे साफसफाईत गाणंच पुसलं जाईल.

पावसाळा

गोव्यात रेकॉर्डीचा खरा वैरी उंदीर नव्हे, जुलै महिना. कव्हरच्या पुठ्ठ्यावर आधी पिठासारखे पांढरे ठिपके येतात, मग ते आतल्या कागदी पिशवीतून तबकडीवर उतरतात आणि खाचेत जाळं धरतात. वाजवलं की तळल्यासारखा तडतड आवाज.

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या भरायला बाजारात जाल तेव्हाच सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवा. आतली कागदी पिशवी बदलून गुळगुळीत प्लास्टिकची, अँटिस्टॅटिक म्हणून मिळते ती घाला. बाहेरची प्लास्टिक पिशवी तोंडाशी उघडी ठेवा; घट्ट बंद केली तर आतली ओल आतच कोंडते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, कारण पावसाळ्यात ती भिंत पाझरते. रेकॉर्डी उभ्या, पुस्तकांसारख्या. आडव्या रचल्या की खालची वाकते. आणि पावसाआधी सगळं उन्हात घालायची आपली खोड इथे आवरा. पापड वाळतो, तबकडी अर्ध्या तासात वाटीसारखी होते.

बुरशी धरलीच तर डिस्टिल्ड पाण्यात साध्या भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ सुती फडकं, आणि पुसायचं खाचेच्या दिशेनं गोल. आडवं कधी नाही. मधलं कागदी लेबल कोरडं राहिलं पाहिजे. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून पंख्याखाली उभी करा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. एरवी दर वेळी वाजवायच्या आधी कार्बन फायबरचा कोरडा ब्रश फिरवला की पुरे.

चार जणांना ऐकवायची असेल तर

हे संगीत मुळात एकट्यानं ऐकण्यासाठी नव्हतंच. दोन-चार मित्र बोलवा, पण ‘ऐका, ऐका, आता बघा’ करत बसू नका. त्याहून लवकर माणूस वैतागत नाही. आवाज असा ठेवा की बास पोटाला जाणवेल आणि शेजारी बसलेल्याशी ओरडावं लागणार नाही. कुणाचा पाय हलायला लागला की बोलणं आपोआप थांबतं.

गच्चीवर किंवा अंगणात स्पीकर काढणार असाल तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लक्षात असू द्या: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. घराच्या आतही दहानंतर बास कमीच करा, कारण तो भिंतीतून जातो आणि पलीकडच्या काकूंना ट्रम्पेट ऐकू न येता नुसती धपधप ऐकू जाते. ‘टूरिस्ट’ दोन तबकड्यांची आहे, जवळपास तासाभराची. बाजू तीनदा पालटायची, मधे चहा व्हायचा, कुणीतरी ‘तो बासरीवाला पुन्हा लाव’ म्हणणार. साडेआठच्या आत सुई टेकवा.